पन्नास डॉलर, एक पैठणी आणि फुल हाउस

गेल्या महिन्यात ह्याच पानावर मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की पावसात करंट गेला की मी मोबाइलवर अमेरिकेतले साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे गेम शो बघत बसतो, आणि बघताना जितकं हसू येतं तितकंच मध्येच कानकोंडं व्हायला होतं. बस्स, एवढंच. त्यावर पत्रं काय, व्हॉट्सअॅप काय, एकाने तर मला मासळी मार्केटात गाठून विचारलं. तेव्हा ह्या वेळी नारळाच्या रोगाचे आणि पेन्शनचे प्रश्न बाजूला, सगळं पान गेम शोंचं.

प्रश्न : सर, तुमचं वाचून मी यूट्यूबवर 'व्हॉट्स माय लाइन' लावलं. सोबत सोळा वर्षांची लेक होती, तिने पाच मिनिटांत विचारलं, मम्मी ह्यात होतं काय? मला पण सांगता येईना. नेमकं बघायचं काय त्यात?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : बाई, लेकीचं बरोबर आहे, त्यात काही होत नाही. एक माणूस येतो, फळ्यावर खडूने नाव लिहितो, खुर्चीत बसतो आणि समोरचे चौघे त्याला प्रश्न विचारत विचारत त्याचा धंदा ओळखायला बघतात, उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रत्येक 'नाही'ला सूत्रसंचालक एक पत्ता उलटतो, म्हणजे पाच डॉलर. दहा 'नाही' झाले की पन्नास डॉलर घेऊन माणूस घरी. एवढ्याशा भांडवलावर हा शो सीबीएसवर १९५० ते १९६७ चालला, रविवारी रात्री, आणि तोही लाइव्ह, म्हणजे कुणी अडखळला तर अडखळला, कापाकापी नाही.

लेकीला २७ जानेवारी १९५७ चा भाग लावून द्या. गुपित पाहुणा यायच्या आधी चौघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, आणि येतो कोण तर चित्रकार साल्वादोर दाली, मिश्या अशा वर वळवलेल्या. मग प्रश्न सुरू होतात आणि हा गडी जवळजवळ प्रत्येकाला 'हो' म्हणतो, लेखक? हो, अमुक? हो, तमुक? हो, बिचारे पॅनलवाले पट्टीखाली चक्रावलेले आणि सूत्रसंचालक जॉन डेली मध्ये पडून सांगतोय की अहो थांबा, ह्या 'हो'चा अर्थ तसा घेऊ नका. मी हा भाग चार वेळा बघितलाय.

आता ह्यात आजच्या डोळ्यांना दोन गोष्टी खुपणार. सुंदर बाई स्टेजवर आली की प्रेक्षकांतून शिट्ट्या, आणि त्यावर कुणालाच काही वाटत नाही, ती पण हसून खुर्चीत बसते. दुसरी म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत पॅनलच्या टेबलावर ठळक अक्षरांत 'स्टॉपेट', घामाच्या वासावरच्या औषधाचं नाव. बायका गाउनमध्ये, पुरुष बो-टाय लावून, पुढ्यात काखेच्या घामाची जाहिरात! पण हेही लेकीला दाखवा की इथे कुणी लहानपणीची गरिबी सांगून रडत नाही आणि मागे व्हायोलिन वाजत नाही. डेली तर वेळ संपत आली की उरलेले सगळे पत्ते स्वतःच फटाफट उलटून टाकतो, जा बाबा, घे पन्नास. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल. ती काढायची, मग जमतं.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालेला माणूस. जुना 'फॅमिली फ्यूड' बघत होतो तर सून उठून आत गेली, म्हणाली पप्पा हे काय बघता. त्या काळी लोक मोकळ्या मनाचे होते, आताच्या मुलांना सगळ्यातच खोट दिसते. तुम्हाला काय वाटतं?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : मला वाटतं सुनेने बरं केलं. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा शो एबीसीवर १९७६ मध्ये सुरू झाला, दोन कुटुंबं समोरासमोर, आणि रिचर्ड डॉसन नावाचा सूत्रसंचालक खेळायला आलेल्या प्रत्येक बाईची पप्पी घ्यायचा, म्हातारी असो, कॉलेजची पोरगी असो, शेजारी नवरा उभा असला तरी. तो म्हणायचा, शुभेच्छा म्हणून. तक्रारी आल्या तेव्हा प्रेक्षकांना पत्रं पाठवून मत द्यायला सांगितलं, आणि बहुमत पप्पीच्याच बाजूने पडलं. आता बघा हं, मत कुणाचं घेतलं? घरी बसलेल्यांचं. तिथे रांगेत उभी होती तिचं काय?

पण मी सुनेच्या बाजूने बोलतोय म्हणून साळसूद आहे असं समजू नका, माझं पण एक प्रकरण आहे. आमच्या वाड्यावर चवथीच्या दिवसांत रात्री हाउजी व्हायची, अजून होते, आणि मास्तर म्हणून नंबर पुकारायचं काम वीसेक वर्षं माझ्याकडे. चर्चच्या फेस्ताच्या हाउजीत जे पुकारे ऐकले तेच मी उचललेले, अकरा आला की 'लेग्ज इलेव्हन' आणि अठ्ठ्याऐंशी आला की 'टू फॅट लेडीज'. आता आमच्याकडे दोघी जावा एकाच बाकावर बसायच्या, अंगाने दोघी भरलेल्या. अठ्ठ्याऐंशी पुकारला की अख्खा मांडव मागे वळून त्यांच्याकडे बघायचा आणि हशा. त्या पण हसायच्या, तोंडाला पदर लावून. मला वाटायचं वा, काय खेळीमेळीचं वातावरण. बऱ्याच वर्षांनी धाकटी एकदा तिकिटांचे पैसे द्यायला आली तेव्हा हिशेब करता करता म्हणाली, मास्तर, हसायचं नाही तर काय करायचं, सगळे बघतात तेव्हा? आणि पुढचे सुटे मोजायला लागली. त्या दिवसापासून डॉसनच्या शोमध्ये मी त्या बायकांचं हसू बघतो. पुष्कळ जणी मनापासून हसतात, खोटं कशाला बोलू. सगळ्या नाही.

प्रश्न : आमचे बाबा म्हणतात जुने शो प्रामाणिक होते, हल्लीचे सगळे स्क्रिप्टेड. सर, खरं सांगा.
(कॉलेजचा विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांग आणि मग 'ट्वेंटी-वन'ची गोष्ट सांग. १९५६, एनबीसीवरचा क्विझ शो. दोन स्पर्धक, दोन काचेच्या केबिनी, कानाला हेडफोन, आतमध्ये माणूस घामाने डबडबलेला, ओठ चावतोय, रुमालाने कपाळ टिपतोय. नंतर कळलं की कपाळ कसं टिपायचं ते पण शिकवलेलं होतं आणि घाम नीट यावा म्हणून केबिनमधला एसी बंद ठेवायचे. जिंकत होता हर्बर्ट स्टेम्पल, पण तो प्रायोजकाला आणि निर्मात्यांना बघायला फार काही भावत नव्हता, म्हणून कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा देखणा चार्ल्स व्हॅन डोरेन आणला आणि स्टेम्पलला सांगितलं की आता हर. कुठल्या प्रश्नावर हरायचं ते पण ठरलेलं, १९५५ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर कुणाला. उत्तर 'मार्टी', आणि तो सिनेमा ह्या माणसाने तीन वेळा बघितलेला, अतिशय आवडता. तरी त्याने चुकीचं उत्तर दिलं. ५ डिसेंबर १९५६. ते फुटेज आहे, बघ. माहीत असलेलं उत्तर गिळताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी शाळेत चाळीस वर्षं उलट बाजूने बघितलंय, माहीत नसलेलं माहीत असल्यासारखं करणारी पोरं, पण हे वेगळंच.

व्हॅन डोरेन १,२९,००० डॉलर जिंकला, मासिकांच्या कव्हरवर झळकला, आणि २ नोव्हेंबर १९५९ ला संसदेच्या समितीपुढे उभा राहून कबूल केलं की प्रश्न-उत्तरं आधी मिळत होती. गंमत म्हणजे तोवर क्विझमध्ये असली फसवणूक करणं कायद्याने गुन्हाच नव्हता, कायदा झाला १९६० मध्ये. मग 'व्हॉट्स माय लाइन'मध्ये कुणी का फसवलं नाही? माझं साधं गणित असं, की पन्नास डॉलरसाठी कोण एवढी यातायात करणार. रक्कम वाढली की केबिन लागते, केबिन आली की घाम लागतो. आपल्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर रात्री काय चालतं त्यावर मी इथे बोलत नाही.

आणि उलटी गोष्ट पण ऐक. १९८४, 'प्रेस युअर लक' नावाचा शो. अठरा चौकोनांच्या बोर्डावर दिवा उड्या मारतो, बटण दाबलं की थांबतो, पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर एक लाल राक्षस येऊन सगळं खाऊन जातो. ओहायोचा मायकल लार्सन, उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी चालवणारा, त्याने घरी व्हीसीआरवर भाग रेकॉर्ड करून फ्रेम फ्रेम थांबवून बघितलं तर दिव्याच्या उड्यांचे फक्त पाच ठरलेले क्रम! आणि दोन चौकोनांत राक्षस कधीच येत नाही. पाठ केलं, गेला, १,१०,२३७ डॉलर घेऊन आला. चॅनलवाल्यांनी आधी पैसे द्यायला काचकूच केली, पण नियम तर त्याने एकही मोडला नव्हता. त्याचा भाग बघताना एक पकड, दिवा थांबायच्या आधीच तो आनंदाने उडी मारतो, कारण त्याला माहीत असतं. सूत्रसंचालकाचा चेहरा बघण्यासारखा.

प्रश्न : माझी आई 'होम मिनिस्टर' कधी चुकवायची नाही. ती गेल्यावर मी जुन्या क्लिप बघायला लागले तर राग येतो, बाईला होम मिनिस्टर म्हणायचं आणि खेळवायचं काय तर उखाणे आणि साडी. पण राग आला की आईची आठवण येते आणि मग वाईट वाटतं. मी काय करू?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : ताई, दोन्ही करा. राग पण येऊ दे आणि बघा पण.

मला स्वतःला विचाराल तर ज्यांना 'होम मिनिस्टर' मागासलेलं वाटतं त्यांनी आधी अमेरिकेतला 'क्वीन फॉर अ डे' बघावा. १९४५ ला रेडिओवर सुरू, मग १९५६ ते १९६४ टीव्हीवर. चार-पाच बायका येऊन आपापलं दुःख सांगायच्या, कुणाचा मुलगा अपंग, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि मग प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या आणि टाळ्या मोजायचा काटा होता, मीटर! ज्या बाईचं दुःख काट्याला सगळ्यात जास्त वर नेईल तिला मुकुट, लाल झगा, वॉशिंग मशीन. बाकीच्या रडत घरी. म्हणजे बाई, तुझं दुःख कमी पडलं.

त्या मानाने झी मराठीवर २००४ पासून जे चाललं त्यात आदेश बांदेकर भावोजी म्हणून घरी यायचे, चपला बाहेर काढून, आणि निदान तासभर त्या घरात सगळे त्या बाईकडे बघत बसायचे, सासू सुद्धा. तुमच्या आईसारख्या बायकांना तेच हवं होतं बहुतेक, पैठणी हा बहाणा. नवऱ्याला बायकोची आवडती भाजी विचारली आणि तो 'अं... बटाटा?' म्हणाला की आमच्या घरी जो दंगा व्हायचा! तेव्हा मी पण हसलो होतो, आणि जाहिरात लागली तशी आमची बायको म्हणाली, तुम्ही सांगा बघू माझी. मला आली नाही. तर हा शो वाटतो तेवढा भोळा नव्हता. २०२२ मध्ये मात्र 'महामिनिस्टर' करून ११ लाखांची पैठणी काढली ते मला नाही पटलं. हजारांची असते तेव्हा ती नेसतात तरी.

प्रश्न : आम्ही भावंडं पोगोवर 'ताकेशीज कॅसल' बघून वाढलो. आता बघताना कळत नाही की आम्ही शोला हसत होतो की जावेद जाफरीला.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : जाफरीला. मूळ शो जपानचा, १९८६ ते १९९०, ताकेशी किटानो त्यात किल्लेदार, आणि दरवेळी शंभराच्या आसपास माणसं चिखलात पडायची. आपल्यापर्यंत आला तो दीड दशक उशिरा, वर जाफरीच्या हिंदी कॉमेंट्रीची फोडणी घालून. पडणाऱ्याला नाव, गाव, धंदा सगळं इथेच लागलं. मूळ जपानी आवाजात एक भाग बघा, अगदी वेगळा लागतो.

प्रश्न : 'कौन बनेगा करोडपती'चा पहिला सीझन परत बघतोय. तेव्हा अंगावर काटा यायचा, आता मुलगा शेजारी बसून गुगल करून अमिताभच्या आधी उत्तर सांगतो. मजाच गेली!
(एक वाचक, वास्को)

उत्तर : मुलाचा फोन काढून घ्या. चेष्टा नाही, खरंच. ३ जुलै २००० ला तो शो स्टार प्लसवर आला तेव्हा आमच्या गल्लीत नऊ वाजता रस्त्यावर कुत्रं नसायचं, आणि भाग घ्यायला फोन लावायचा तर लाइन सतत एंगेज, मी एसटीडी बूथवर उभा राहून साठ रुपये घालवले आणि बूथवाला म्हणतो मास्तर तुम्हाला उत्तरं येतात हो, पण लाइन येत नाही. ऑक्टोबरात हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा मराठी मुलगा म्हणून आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, कुणी वाटले ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही 'फोन अ फ्रेंड' बघा आता. तीस सेकंद. पलीकडे मित्र, आणि त्याच्याजवळ फक्त त्याचं डोकं, फार तर बायको बाजूला कुजबुजतेय. आज तीच लाइफलाइन म्हणजे पलीकडच्याचं इंटरनेट किती फास्ट ह्याची परीक्षा. ह्याच शोच्या अमेरिकेतल्या अवताराने २०१० मध्ये ती काढूनच टाकली, मित्र धडाधड सर्च करून सांगायला लागले म्हणून. माहिती माणसाच्या आत असते असं आपण जेव्हा धरून चालायचो तेव्हाचा हा खेळ.

प्रश्न : जुन्या शोचे काही भाग ढिगाने मिळतात आणि काही अजिबात नाहीत, असं का?
(एक वाचक, काणकोण)

उत्तर : पुसले. व्हिडिओ टेप महाग होती, दोन इंच रुंद, म्हणून एक भाग दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा. आर्ट फ्लेमिंगवाला जुना 'जेपर्डी' १९६४ ते १९७५ रोज दुपारी लागायचा, हजारो भाग, त्यातले अगदी थोडे उरले. 'व्हॉट्स माय लाइन' वाचला कारण त्याचं फिल्मवर चित्रण व्हायचं, पडद्यासमोर कॅमेरा लावून, म्हणून तो एवढा धुरकट दिसतो.

आणि वाचलेल्यातला एक भाग तर मला विसरता येत नाही. 'आयव्ह गॉट अ सिक्रेट', ९ फेब्रुवारी १९५६. पंचाण्णव वर्षांचा सॅम्युअल सेमूर, हॉटेलात पडल्यामुळे डोळ्याजवळ सूज, हळूहळू येऊन बसतो. त्याचं गुपित काय, तर १८६५ मध्ये पाच वर्षांचा असताना अब्राहम लिंकनवर गोळी झाडली तेव्हा तो त्या थिएटरात होता. त्याला गोळीचं काही कळलंच नव्हतं, वरून उडी मारून पडलेल्या माणसाचीच काळजी वाटली होती, आणि तो माणूस म्हणजे मारेकरी! दोन महिन्यांनी सेमूर वारला. शोचा प्रायोजक सिगरेटवाला, म्हणून पाहुण्याला सिगरेट द्यायची पद्धत, पण आजोबा पाइप ओढणारे, तर त्यांना ऐंशी डॉलर आणि पाइपच्या तंबाखूचा डबा दिला. लिंकनला बघितलेला माणूस आणि तंबाखूचा डबा, एकाच फ्रेममध्ये. नशीब हा भाग वाचला.

प्रश्न : मास्तर, यंदा चवथीला आमच्या मंडळात मोबाइल बंद ठेवून एखादा जुन्या पद्धतीचा खेळ घ्यायचा विचार आहे. अंताक्षरी करून करून कंटाळलो, दीवाने-परवाने-मस्ताने पण झालं. काही सुचवा.
(मंडळाचे कार्यकर्ते, साखळी)

उत्तर : 'व्हॉट्स माय लाइन'च घ्या, खर्च शून्य. गावातल्या चौघांना पॅनलवर बसवा, आणि शेजारच्या गावातून माणसं बोलवा, आपल्या गावातली नको, लगेच ओळखतात. पाव भाजणारा पोदेर बोलवा, माडावर चढणारा रेंदेर बोलवा, खाजें करणारी बाई बोलवा, मिठागरावर काम केलेलं कुणी म्हातारं मिळालं तर सोनंच. उत्तर फक्त हो-नाही. 'नाही'ला पाच रुपये, दहा 'नाही'ला पन्नास, डॉलर नको रुपयेच. दालीसारखा सगळ्याला 'हो' म्हणणारा निघाला तर त्याला थांबवायला एक खमका माणूस सूत्रसंचालक म्हणून ठेवा. आणि गुपित पाहुण्यासाठी पट्ट्या जाड कापडाच्या घ्या, आमच्याकडे गेल्या वर्षी मलमलीच्या होत्या, सगळ्यांना सगळं दिसत होतं.

हाउजी पण ठेवाच, फक्त पुकारे आपले आपण बनवा. आमच्याकडे आता नंबर मी नाही पुकारत. तीच धाकटी जाऊ पुकारते, पिशवी मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर. गेल्या चवथीला पिशवीतून अठ्ठ्याऐंशी निघाला, तिने तो उजेडात धरून नीट बघितला, मग मान वर करून मांडवात मला शोधलं आणि माइकवर म्हणाली, अठ्ठ्याऐंशी, एक मास्तर आणि त्यांचं पोट. अख्खा मांडव मागे वळला. मी हसलो, दुसरं काय करणार.